चिकटवहीची कुळकथा

डिजिटल स्क्रॅपबुकचं एखादं पान मोठं करून निरखा. सगळं काम संगणकावर झालेलं असतं, तरी कागदाच्या खुणा जागोजाग दिसतात. फोटोच्या कडेला बारीक सावली असते, जणू तो पानापासून जरासा उचललेला आहे. कोपऱ्यात चिकटपट्टीचा तुकडा, खाली फाटक्या कडेचा कागद, त्यावर धावदोऱ्याचे टाके आणि एखादं बटण. संगणकाला यातलं काहीच लागत नाही. तिथे खळ वाळायची वाट पाहावी लागत नाही आणि कात्रीने बोट कापत नाही. तरीही पानाचं माप बहुतेक वेळा बारा इंच बाय बारा इंच, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या कागदी अल्बमचंच असतं. या पानाचं घराणं जुनं आहे आणि त्याच्या अंगावरची प्रत्येक खूण कुठल्या ना कुठल्या पूर्वजाकडून आलेली आहे.

हे घराणं फोटोच्याही आधीचं. १७६९ मध्ये जेम्स ग्रेंजर या इंग्रज पाद्र्याने इंग्लंडमधल्या नामवंतांचा चरित्रग्रंथ काढला. पुढे वाचकांना छंदच लागला. ते इतर पुस्तकांतली व्यक्तिचित्रं कापून आपापल्या प्रतीत लावू लागले आणि छापील पुस्तक प्रत्येकाच्या घरात वेगळं दिसू लागलं. त्याच सुमाराला मैत्रिणींच्या वह्या फिरू लागल्या होत्या. अ‍ॅन वॅग्नर या इंग्रज बाईंची १७९५ ते १८३४ या काळातली अशी वही आज न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत जपलेली आहे. तिच्यात मित्रमैत्रिणींनी लिहिलेल्या ओळी, चित्रं, कागदी कातरकाम असं सगळं शेजारी शेजारी नांदतं. ज्यांनी लिहिलं त्यांचं अक्षर तिथे आहे, म्हणून ती नुसती सुंदर वही न राहता माणसांची नोंद झाली.

एकोणिसाव्या शतकात रंगीत शिळाछापाने या वह्यांना रंग दिले. जर्मनीतल्या छापखान्यांतून देवदूत, गुलाबाचे गुच्छ, मुलं, प्राणी यांची उठावाची, साच्याने कापलेली चित्रं तावांवर येऊ लागली. चित्रं एकमेकांना कागदाच्या बारीक पट्ट्यांनी जोडलेली असत. पट्टी कापायची, चित्र सुटं करायचं आणि वहीत चिकटवायचं. आज डिजिटल ‘किट’मध्ये फुलं, फिती आणि बटणं सुटी मिळतात, त्यांचे हे थेट पणजोबा.

हे छापतंत्र आपल्याकडेही आलं. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या आणि अनेक घरांत बायकांनी त्यांना जर, टिकल्या, कापडाचे तुकडे लावून नटवलं. छापलेलं चित्र आपल्या हाताने सजवल्याशिवाय आपलं वाटत नाही, ही ओढ युरोपातल्या दिवाणखान्यात होती तशीच गिरगावातल्या चाळीतही होती.

फोटो या घराण्यात आला तो आकाराने लहान आणि दराने स्वस्त होऊन. पॅरिसचे छायाचित्रकार आंद्रे दिस्देरी यांनी १८५४ मध्ये एकाच काचेवर अनेक चित्रं घेण्याच्या पद्धतीचं पेटंट काढलं. एका काचेवर आठ चित्रं बसू लागली. ती कापून भेटकार्डाच्या मापाच्या पुठ्ठ्यावर लावली की झालं. १८६० मध्ये जॉन मेयॉल यांनी राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाची अशी चित्रं विकायला काढली आणि इंग्लंडात ती जमवण्याचं वेडच लागलं. त्यांच्यासाठी कापलेल्या खिडक्यांचे अल्बम निघाले. फोटो नुसता खिडकीत सरकवायचा. पण खिडकीत सगळे सारखेच दिसतात, म्हणून काही बायकांनी खिडक्या बाजूला सारून कात्री हातात घेतली.

त्यांतल्याच लेडी फिल्मर यांचं १८६० च्या दशकातलं एक पान या साऱ्या कुळातलं रत्न आहे. जलरंगात रंगवलेला दिवाणखाना, आणि त्यात फोटोंतून कापून बसवलेली माणसं. मधोमध टेबलाशी स्वतः लेडी फिल्मर उभ्या आहेत. टेबलावर त्यांचे अल्बम आणि चिकटवायच्या खळीचं भांडं दिसतं. जवळच प्रिन्स ऑफ वेल्स उभा आहे आणि त्यांचे पती मात्र एका बाजूला, कुत्र्याजवळ, लहानसे बसलेले आहेत. कोणाला किती मोठं करायचं, कोणाला कोणाजवळ उभं करायचं, हे ठरवून त्यांनी आपलं जग एका पानावर मांडलं आणि ते मांडणारी आपणच आहोत हे खळीच्या भांड्यासकट दाखवलं. फोटो कापून नवं चित्र रचण्याचं श्रेय कलेतिहासाने दीर्घकाळ पहिल्या महायुद्धानंतरच्या बर्लिनमधल्या कलावंतांना दिलं. या बायका त्यांच्या निदान अर्धशतक आधी हे काम करत होत्या. २००९ मध्ये शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने खास त्यांच्या कामाचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा कुठे त्यांना मानाची भिंत मिळाली.

अमेरिकेत हा छंद इतका पसरला की लेखक मार्क ट्वेनला त्यात उद्योग दिसला. खळीचा राडा होतो, ब्रश सापडत नाही, या रोजच्या कटकटीवर त्याने उपाय काढला. वहीच्या पानांवर आधीच डिंकाचे पट्टे लावलेले. ते ओले करायचे आणि कात्रण दाबायचं. १८७३ मध्ये त्याला या वहीचं पेटंट मिळालं आणि ती चांगली खपली.

शुभेच्छापत्र ही याच कुळाची दुसरी शाखा. लंडनचे हेन्री कोल यांनी १८४३ मध्ये जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळचं छापील कार्ड काढून घेतलं, कारण इतक्या लोकांना हाताने पत्रं लिहायला त्यांना वेळ नव्हता. फोटो आणि कार्ड पुढे एकत्र आले. पोस्टकार्डाच्या मापाचा कागद मिळू लागला आणि १९०३ पासून कोडॅकने त्याच मापाचा फोटो काढणारा कॅमेरा विकायला आणला. आपल्या अंगणातला फोटो पाठीवर पत्ता लिहून नातेवाइकाला धाडता येऊ लागला. वाढदिवसाला मुलाचा फोटो घालून आपण जे कार्ड फोनवर बनवतो, त्याचा मूळपुरुष हा.

कोडॅकचा कॅमेरा १८८८ मध्ये आला आणि एका डॉलरचा ब्राउनी १९०० मध्ये. फोटो स्टुडिओतून घरात आला. मग काळ्या कागदाचे अल्बम, कोपऱ्यांना चिकटवायचे कागदी त्रिकोण आणि खाली पांढऱ्या शाईत बारीक अक्षरात नाव-गाव. याच काळातलं एक यंत्र मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचं वाटतं. १९१४ मध्ये कोडॅकने ‘ऑटोग्राफिक’ कॅमेरे काढले. पाठीमागे एक चिमुकलं दार असे. फोटो काढला की दार उघडायचं, धातूच्या टोकदार कांडीने फिल्ममागच्या कागदावर तारीख आणि दोन शब्द लिहायचे आणि दार काही सेकंद उजेडाकडे धरायचं. फिल्म धुतली की दोन चित्रांमधल्या जागेत ते अक्षर उमटे. क्षण टिपणं आणि त्याची नोंद करणं ही दोन कामं एका यंत्रात, एकाच हाताने, तिथल्या तिथे होत.

त्यानंतर मधली काही दशकं या कुळाला वाईट गेली. १९६० आणि ७० च्या दशकांत पाश्चात्त्य घरांत चिकट पट्ट्यांच्या पुठ्ठ्यावर फोटो ठेवून वर प्लॅस्टिकचा पडदा ओढायचे अल्बम आले. पुढे आपल्याकडेही कितीतरी लग्नं त्यांत बसली. काम झटपट होई, पण आम्लयुक्त पुठ्ठा आणि गोंद यांनी फोटो पिवळे पडले, आणि पुढे काढायला जावं तर फाटू लागले. लिहायला तर जागाच नव्हती.

यावर उतारा निघाला अमेरिकेतल्या युटा राज्यात. तिथल्या मॉर्मन समाजात वंशावळ जपणं हे धर्मकार्य मानतात. १९८० मध्ये सॉल्ट लेक सिटीत नोंदींविषयीची जागतिक परिषद भरली. तिथे मॅरिलीन क्रिस्टेन्सन या गृहिणीने आपल्या कुटुंबाच्या चिकटवह्यांचे सुमारे ५० खंड मांडले. फोटो, पत्रं, शाळेची प्रगतिपुस्तकं, आणि प्रत्येकासोबत लिहिलेली हकीकत. लोकांनी विचारून विचारून त्यांना पुस्तिका लिहायला लावली. १९८१ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या पतींनी स्पॅनिश फोर्क गावात टिकाऊ, आम्लमुक्त कागदाचं दुकानही काढलं. १९८७ मध्ये मिनेसोटात ‘क्रिएटिव्ह मेमरीज’ ही कंपनी उभी राहिली आणि बायका एकमेकींच्या घरी जमून पानं करू लागल्या. बारा इंची चौकोन रूढ झाला तो याच बाजारात. पानावर लिहिण्याच्या कामाला तिथे ‘जर्नलिंग’ म्हणत आणि ते जमलं नाही तर पान अपुरं मानत.

इकडे संगणकातली साधनं तयार होत होती. फोटोशॉप १९९० मध्ये आलं, पण कात्रीकामाला खरी मोकळीक १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीतल्या लेयरने दिली. पारदर्शक थरांवर एकेक वस्तू ठेवायची, हवी तेव्हा सरकवायची, खालचं काही बिघडत नाही. ट्वेनच्या डिंकाला जे जमलं नाही ते इथे झालं, चिकटवलेलं पुन्हा सोडवता आलं. १९९६ मध्ये पीएनजी ही चित्रपद्धत ठरली. तिच्यात पारदर्शकतेच्या बारीक पायऱ्या ठेवता येतात, म्हणून फुलाची मऊ कड किंवा अर्धवट आरपार फीत सुटी करून दुसऱ्याला देता येऊ लागली. १९९८ मध्ये फोटोशॉपात तयार सावली एका टिचकीत पडू लागली. २००१ मध्ये घरगुती वापरासाठी ‘फोटोशॉप एलिमेंट्स’ स्वस्तात आलं आणि युटातल्या टेबलावरचा छंद पडद्यावर उतरला. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातून आलेल्या ‘कॅनव्हा’ने तो आणखी सोपा केला. त्याची सुरुवातही शाळांच्या वार्षिक आठवणपुस्तकांपासूनच झाली होती.

समजा, गच्चीवर कुरडया घालणाऱ्या आजीच्या फोटोचं पान करायचं आहे. छापायचं असेल तर इंचाला ३०० ठिपके धरतात, म्हणजे बारा इंची पानाची प्रत्येक बाजू ३,६०० पिक्सेल. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो बहुतेक वेळा पाठवतानाच लहान झालेला असतो. त्याची लांब बाजू १,५०० पिक्सेल असेल तर तो पाच इंचांपर्यंतच स्वच्छ छापला जाईल, म्हणून मूळ फोटो मागून घ्यावा. पार्श्वभूमीला एक कागद, त्यावर फोटोची चौकट, आणि क्लिपिंग मास्क या सोयीने फोटो त्या चौकटीच्या आकारात बसवायचा. मग सावली. उजेड डाव्या वरच्या बाजूने येतो असं ठरवलं, तर प्रत्येक वस्तूची सावली उजवीकडे खालीच पडली पाहिजे. पातळ कागदाची सावली अरुंद आणि कडेला चिकटलेली, बटणाची रुंद आणि विरळ. एवढं सांभाळलं की सपाट पान हाताला लागेलसं होतं.

आपल्याकडे हीच साधनं सगळ्यात जास्त वापरली ती लग्नाच्या फोटोवाल्यांनी. ‘करिझ्मा’ अल्बमच्या ३६ इंची जोडपानावर नवरानवरी, मागे धूसर मोठा चेहरा, फोटोशॉपच्या पीएसडी फाईलींतली तयार नक्षी. मराठी मजकूर मात्र बराच काळ छळत राहिला. युनिकोड मजकूर टाकला की जोडाक्षरं फुटत आणि पहिली वेलांटी भलतीकडे जाई. म्हणून स्टुडिओवाले श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांवर अडून राहिले, आणि घरच्या हौशी लोकांनी इंग्रजीतच ‘हॅपी मोमेंट्स’ छापून वेळ निभावली. आता ती अडचण सरली आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले मुक्ता आणि बालू हे देवनागरी फॉन्ट फुकट मिळतात आणि नव्या प्रणालींत अक्षरं नीट जुळतात.

या साऱ्या कुळात प्रत्येक पिढीने श्रम कमी केले. आधी खळ सुटली, मग कात्री, आता तर टेम्प्लेट उघडून फोटो टाकला की पान तयार. सजावट जितकी सोपी झाली तितकं लिहिणं मागे पडलं, याची मला मनापासून खंत वाटते. फोनचा कॅमेरा तारीख, वेळ आणि बऱ्याचदा ठिकाणही फाईलमध्ये नोंदवतो. फोटोत कोण आहे, ते का हसत आहेत, हे त्याला ठाऊक नसतं, आणि फाईल हातोहात फिरली की ती नोंदही गळून जाते. ऑटोग्राफिकच्या दारातून लिहिलेले दोन शब्द फिल्मबरोबर कायमचे राहिले. आपल्या हजारो फोटोंमागे तेवढंही उरत नाही.

म्हणून पान करताना मजकुराची जागा आधी धरावी आणि फुलं-फिती उरलेल्या जागेत बसवाव्यात. मजकूरही गोलगोल नको. ‘एप्रिल २००४, कऱ्हाड. आजीने पहाटे चीक शिजवला. राखणीला बसवलेल्या नंदूने कावळ्यांपेक्षा जास्त खाल्ला.’ एवढ्यात गाव, वर्ष, माणसं आणि घराचा स्वभाव येतो. ‘गोड आठवणी’ या शब्दांत यातलं काहीच येत नाही. हे अक्षर चित्राचाच भाग होऊन छापलं जातं, त्यामुळे फाईल कुठेही गेली तरी ते सोबत राहतं. पान पूर्ण झालं की थरांची मूळ फाईल ठेवावी, शिवाय एक सपाट जेपीजी आणि एक कागदी छाप. आणि हे काम ज्यांना नावं आठवतात त्यांच्या शेजारी बसून, ते असतानाच करावं, कारण सजावट नातवंडांना नंतरही करता येईल, नावं मात्र त्यांना कोणी सांगितल्याशिवाय कळणार नाहीत.