उमेदवारी : नांगराच्या कारखान्यापासून वेबसाइटपर्यंत

आपल्या शाळेतून अलीकडे बाहेर पडलेल्या मुलामुलींची चौकशी केली, की एक उत्तर हमखास मिळते : "सध्या इंटर्नशिप चालू आहे." त्यातही वेबसाइट बनवण्याच्या कामावर जाणारे पुष्कळ असतात. शब्द नवा असला तरी प्रकार जुना आहे. आपल्याकडे त्याला उमेदवारी म्हणत. फारसीत 'उमेद' म्हणजे आशा. पुढे जागा मिळेल या आशेवर आज काम करतो तो उमेदवार. कचेरीत बिनपगारी बसून मोडी वळण आणि जमाखर्च शिकणारा तरुण उमेदवारच म्हटला जाई. आजही कारखान्यातील शिकाऊ मुलाला सरकारी कागदोपत्री 'शिकाऊ उमेदवार' असेच म्हणतात.

स्मरणिकेसाठी माझ्या पहिल्या कामाचा अनुभव लिहावा, असे संपादक मंडळाने सुचवले. तो पुढे लिहिला आहेच. पण कृष्णाकाठच्या आपल्या मुलखात काम करत शिकण्याला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तो समोर ठेवला तरच आजच्या इंटर्नशिपमध्ये काय बरे आणि काय वाईट, हे नीट सांगता येते. सातारा आणि सांगली असे दोन जिल्हे मी एकत्र घेतले आहेत, कारण ते मुळात फारसे वेगळे नव्हते. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले.

माळावरची शाळा

१९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावची जागा सोडावी लागली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला. तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि लोखंडी नांगर तयार होऊ लागले. लक्ष्मणराव त्याआधी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते, हे इथे लक्षात घेण्यासारखे आहे. तयार कारागीर आणून बसवावेत इतके त्या काळी मिळतही नव्हते. ज्यांनी यंत्र कधी पाहिले नव्हते अशी आसपासच्या खेड्यांतील माणसे ओतकामावर, लेथवर हात बसवत कारागीर झाली. वर्ग नाही, फळा नाही, पण शिकणे रोजचे. आणि शिकत असतानाच घरी मजुरी जात होती.

या कारखान्याचे नांगर आणि ओगलेवाडीच्या काच कारखान्याचा माल गावोगाव विकणाऱ्यांत एक तरुण होता : भाऊराव पाटील. कुंभोजला १८८७ साली जन्मलेल्या भाऊरावांनी या फिरतीत खेड्यांतील दारिद्र्य आणि निरक्षरता जवळून पाहिली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. सर्व जातींची मुले तिथे एका पंगतीला जेवत आणि एकत्र राबत.

कमवा आणि शिका

१९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. दोन्हींचा पाया 'कमवा आणि शिका' हा होता. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे वाक्य आपण सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या कमानीवर वाचले आहे. पण त्यामागचा हिशेब फार थोडे जण लक्षात घेतात.

तो हिशेब असा होता. मुलाच्या घरी फी भरायला पैसे नाहीत. फुकट शिकवले तर त्याला आयुष्यभर उपकाराचे ओझे वाटणार. म्हणून तो शेतात राबेल, खडी फोडेल, बांधकामावर जाईल, स्वयंपाकघरात हात लावेल, आणि त्या श्रमाचे मोल त्याच्याच जेवणाखाणात व शिक्षणात पडेल. काम खरे होते, त्याचा मोबदला मुलाच्याच नावे जमा होत होता आणि उरलेल्या वेळात अभ्यासाला जागा होती. या तीन गोष्टींपैकी एक जरी काढली तरी ती योजना नुसती वेठबिगार झाली असती. भाऊरावांच्या बोर्डिंगमध्ये वाढलेले पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर झाले आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. श्रमाने अभ्यास बुडतो, या आक्षेपाला यापेक्षा चांगले उत्तर काय असणार?

कायदा आणि कॉलेजे

स्वातंत्र्यानंतर ही गोष्ट कायद्यात आली. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने कारखान्यांना ठरावीक संख्येने उमेदवार घेणे बंधनकारक केले. त्यांना विद्यावेतन मिळावे, लेखी करार व्हावा, ही तजवीज त्यात आहे. सुरुवातीला हा कायदा मुख्यतः फिटर, टर्नर, वायरमन अशा कामांपुरता होता. १९७३ च्या दुरुस्तीने पदवी-पदविकाधारक अभियंतेही त्यात आले.

याच काळात आपल्या भागात अभियंते तयार होऊ लागले होते. सांगलीचे अभियांत्रिकी कॉलेज १९४७ सालचे, तेच पुढे वालचंद कॉलेज झाले. कराडचे सरकारी कॉलेज १९६० सालचे. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी मिळाली आणि साखराळे, बुधगाव, सातारा इथे कॉलेजे निघाली. त्यांतून बाहेर पडणाऱ्या मुलांच्या मानाने जवळपासचे कारखाने कमी पडू लागले. इनप्लांट ट्रेनिंग अभ्यासक्रमात होते, पण बऱ्याच वेळा ते कारखान्याला एक फेरी आणि एक शिक्का एवढ्यावर उरकले जाई.

वेब आपल्याकडे आले तेव्हा

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन केंद्रात वेबची कल्पना मांडली ती १९८९ साली. १९९३ साली सर्नने ती सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. भारतात सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. आपल्या भागातील पहिला मोठा प्रयोग वारणा खोऱ्यात झाला. १९९८ साली कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील ७० गावे संगणकाने जोडण्याची योजना वारणानगरच्या सहकारी संकुलात सुरू झाली. सगळ्या जगाची माहिती शेतकऱ्याच्या दारात, असा तिचा गाजावाजा होता. प्रत्यक्षात लोकांना ती सगळ्यात उपयोगी पडली उसाच्या हिशेबासाठी : किती टन गेला, तोडणी केव्हा, बिल किती. काही वर्षांनी तिथल्याच काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या एसएमएसवर हाच हिशेब देऊन पाहिला गेला. शेतकऱ्याला जे हवे होते ते तेवढ्यानेही भागत होते.

माझी उमेदवारी २००१ च्या उन्हाळ्यातली. सांगलीत विश्रामबागेत दोन खोल्यांचे ऑफिस, तीन संगणक, एक मोडेम. फोन लागला की नेट बंद. पाने नोटपॅडमध्ये लिहायची आणि एचटीएमएलच्या टेबलांत मजकूर बसवायचा. छायाचित्र जड झाले तर पान उघडेपर्यंत चहा होऊन येई. मला पहिले काम मिळाले ते एका हळद व्यापाऱ्याच्या वेबसाइटचे. मी दोन दिवसांत रंगसंगती ठरवून सरांना दाखवली. त्यांनी विचारले, "हरिपूरची पेवं बघितलीस का कधी? नाही ना? मग न बघता काय लिहिणार तू? जा, बघून ये आधी."

सायकलने हरिपूरला गेलो. कृष्णा आणि वारणेच्या संगमाजवळच्या त्या गावात जमिनीत खोल खणलेली, अरुंद तोंडाची पेवं होती. त्यांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहते. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नाही. बराच वेळ तोंड मोकळे ठेवतात, कंदील सोडून पाहतात, मगच माणूस उतरतो. तिथल्या एका हमालमामांनी हे सगळे समजावले. परदेशातील गिऱ्हाइकाने हळद इतक्या लांबून का घ्यावी, याचे उत्तर त्या पेवांत होते. वेबसाइटचे पहिले पान आम्ही त्यावरच केले. २००५ च्या महापुरात तिथल्या पेवांचे मोठे नुकसान झाले, त्यामुळे त्या वेळी पाहिले याचे आता अधिक मोल वाटते.

दुसरा धडा मराठी अक्षरांचा. तेव्हाचे बहुतेक मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवून केलेले असत. वाचणाऱ्याच्या संगणकात तोच फॉन्ट नसेल तर मजकुराऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे. म्हणून आम्ही मराठी मथळे चित्र म्हणून टाकत असू. दिसायला ते छान, पण शोधायला गेले तर सापडत नसत, कारण संगणकाच्या लेखी ती अक्षरेच नव्हती. युनिकोड पुढे रुळले आणि हा प्रश्न सुटला. त्यानंतरही 'दऱ्या' आणि 'तऱ्हा' यांतला अर्धा र नीट उमटवायला कित्येकांना वेळ लागला. साताऱ्याच्या पर्यटनाची वेबसाइट दऱ्यांशिवाय कशी करणार?

महिन्याला पाचशे रुपये मिळत, मेसचे बिल जवळपास त्यात भागे. माझे प्रत्येक पान सर स्वतः वाचत आणि लाल पेनने कागदावर दुरुस्त्या करून देत. आमच्याच वर्गातील एकाला दुसऱ्या गावी दोन महिने नुसती नावे-पत्ते टाइप करायला बसवले होते, आणि आणखी एकाला प्रशिक्षणाच्या दाखल्यासाठी उलट पैसे भरावे लागले. तिघांच्याही गुणपत्रिकेवर त्या प्रशिक्षणापुढे शेरा एकच होता : पूर्ण.

आजचा हिशेब

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर इंटर्नशिपला श्रेयांक आले. त्यामुळे ती आता ऐच्छिक राहिलेली नाही. टाळेबंदीच्या काळात घरबसल्या इंटर्नशिपची वाट खुली झाली. कोरेगावची मुलगी बंगळूरच्या कंपनीचे काम गावाकडच्या माडीवरून करू शकते, ही मोठीच गोष्ट आहे. राज्य सरकारने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तिच्यात बारावी झालेल्यांना ६,०००, आयटीआय-पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये महिना विद्यावेतन ठरले.

पण अभ्यासक्रमाचा भाग म्हणून होणाऱ्या महिना-दोन महिन्यांच्या इंटर्नशिपला असे संरक्षण सहसा मिळत नाही. सक्ती आली, की दाखल्यांचा बाजार येतो. काही ठिकाणी मुलांकडून फी घेऊन ऑनलाइन प्रमाणपत्र दिले जाते. काही ठिकाणी पूर्ण वेळाचे काम फुकट करून घेतले जाते. ज्याच्या घरून पुण्यातील खोलीचे भाडे येते त्याला ते परवडते. ज्याच्या घरी दोन एकर कोरडवाहू आहे त्याने काय करायचे? भाऊरावांनी जो प्रश्न सोडवला होता तोच इथे उलटा होऊन परत आला आहे. तेव्हा गरीब मुलगा राबून शिकत होता. आता शिकाऊ म्हणून राबायलाही घरी पैसे लागतात.

शिवाय साधे पान आता संगणक स्वतःच काही क्षणांत लिहून देतो. तेव्हा शिकाऊ मुलाने नुसती पाने पाडण्यात दिवस घालवले तर त्याच्या हाती काही लागणार नाही. कोणासाठी बनवायचे, त्याला खरोखर काय हवे, हे विचारायला शिकणे हाच उमेदवारीचा गाभा आहे. वारणेच्या खोऱ्यात आणि हरिपूरच्या पेवांवर तेच दिसले.

आपण काय करू शकतो

आपल्यापैकी अनेकांची आज स्वतःची ऑफिसे, दुकाने, कारखाने, दवाखाने आहेत. प्रत्येकाला वेबसाइट किंवा हिशेबाची एखादी लहानशी प्रणाली लागतेच. माझी सूचना साधी आहे. माजी विद्यार्थी संघाने एक वही घालावी. एका बाजूला शाळेतून गेलेल्या आणि इंटर्नशिप शोधणाऱ्या मुलांची नावे, दुसऱ्या बाजूला त्यांना घेऊ शकणाऱ्या माजी विद्यार्थ्यांची. जो घेईल त्याने तीन गोष्टी पाळाव्यात. काम खरे असावे, कुणीतरी वापरणार असलेले. निदान जेवण, भाडे आणि प्रवास भागेल एवढे विद्यावेतन द्यावे. आणि आठवड्यातून किमान एक तास मुलाने केलेले काम त्याच्याबरोबर बसून पाहावे. यातली तिसरी गोष्ट पैशांपेक्षा महाग आहे, हे मला ठाऊक आहे.

पुण्या-मुंबईत आणि परदेशांत असलेल्यांना तो तास फोनवरही देता येईल. पहिल्या वर्षी दहा मुलांची सोय झाली तरी पुरे. मेळाव्याच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर ही वही सभागृहाच्या दाराशी ठेवलेली असेल. नाव, तुकडीचे वर्ष आणि तुम्ही किती जणांना घेऊ शकाल तो आकडा, एवढेच त्यात लिहायचे आहे.