महाड-पोलादपूर परिसर आणि स्त्रियांचा मताधिकार : एक दृष्टिक्षेप

भारतातील स्त्री-मताधिकाराचा इतिहास सामान्यतः शहरांतून लिहिला जातो. १९१७ साली सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली माँटेग्यू यांना भेटलेले शिष्टमंडळ, १९१९ साली हेराबाई व मिठन टाटा यांनी लंडनमध्ये मांडलेली बाजू आणि १९२१ चा मुंबई विधिमंडळाचा ठराव हे त्यातील ठळक टप्पे होत. तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील महाड-पोलादपूर भागातून पाहिले असता मात्र हे चित्र पालटते.

१९२१ च्या ठरावाने स्त्रीत्वाची आडकाठी दूर झाली. मालमत्तेची अट राहिली. ग्रामीण भागात मतदार होण्यासाठी प्रामुख्याने ठरावीक शेतसाऱ्याची जमीन लागे. खोती पद्धतीच्या या डोंगराळ मुलखात कुळालाच जमिनीचा मालकी हक्क नव्हता, तेथे स्त्रीची काय कथा? याच विधिमंडळाने १९२३ साली सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव संमत केला. त्याच्या अंमलबजावणीसाठी १९२७ साली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्या वर्षीच्या डिसेंबरमधील परिषदेच्या अखेरीस डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले. घरचे पाणी भरणाऱ्या या स्त्रियांना पाणवठ्याचा निर्णय घेणाऱ्या सभागृहाच्या निवडणुकीत मात्र जवळजवळ स्थानच नव्हते. पुढे मे १९२९ मध्ये, सायमन कमिशनसाठी लिहिलेल्या स्वतंत्र निवेदनात आंबेडकरांनी सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांसाठी मताधिकार मागितला. ही मागणी महाडच्या अनुभवापासून तोडून वाचता येणार नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१९३५ च्या कायद्याने मतदार स्त्रियांची संख्या वाढविली. साक्षरता, पतीची पात्रता यांबरोबरच सैनिकाची निवृत्तिवेतनधारक विधवा किंवा माता असणे, हीही पात्रता ठरली. ही तरतूद अभ्यासकांनी फारशी लक्षात घेतलेली दिसत नाही. महाड तालुका हा सैनिकांचा. फौजी आंबवडे या गावाचे नावच त्याची साक्ष देते. अशा गावातील निरक्षर, भूमिहीन स्त्रीलाही मत मिळू शकत होते. परंतु त्यासाठी घरचा पुरुष आधी गमवावा लागे!

राज्यघटनेच्या ३२६ व्या अनुच्छेदाने या साऱ्या अटी संपविल्या. तरीही १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली. अमक्याची पत्नी, तमक्याची मुलगी एवढीच त्यांची नोंद झाली होती. हा प्रकार मुख्यतः उत्तरेकडील राज्यांत घडला. आपल्याकडील जुन्या मतदारयाद्या जेथे उपलब्ध होतील, तेथे स्त्रियांच्या नोंदी कोणत्या पात्रतेखाली व कोणत्या नावाने झाल्या, हे गावनिहाय तपासले पाहिजे.