तातीचा टणत्कार

पुण्याच्या वाड्यांमधून गाद्या-उशा बाहेर निघायच्या आणि पिंजारी चौकात बैठक मारायचा. खांद्यावरून आणलेली लांब पिंजण, एका हातात तिचा दांडा, दुसऱ्या हातात डमरूसारखा लाकडी ठोकळा. त्याच्या कडेने पिंजणीवर ताणलेली तात ओढून सोडली की टण्ण आवाज होई आणि अंगाखाली दबून गोळे झालेला कापूस भुरभुरत हवेत उडे. ती तात कशाची, हे सोवळ्याओवळ्याच्या घरांत कोणी विचारत नसे. न विचारलेलेच बरे होते.

तात होते बकऱ्या-मेंढ्यांच्या आतड्यांची. खाटकाकडची वजडी खाणाऱ्यांकडे जाई, लांब लहान आतडी तात वळणाऱ्याकडे. ती ताजी असतानाच धुवायची, उलटी-सुलटी करून बोथट धारेने खरवडायची. चरबी आणि बुळबुळीत थर गेला की उरते ती पातळ, चिवट नळी. क्षाराच्या पाण्यात ती भिजवायची, मग ओल्या पट्ट्या एकत्र घेऊन पीळ द्यायचा आणि दोन खुंट्यांमध्ये ताणून वाळवायचे. जितक्या पट्ट्या जास्त, तितकी तात जाड. घाण वासाचे, चिकाटीचे काम. खरवडण्यात आळस झाला तर तात कुजते, पिळात कमी-जास्त झाले तर ऐन कामात तुटते.

जनावराच्या देहातून ताण सोसणारी वस्तू काढायची ही युक्ती फार जुनी. धनुष्याच्या दोरीसाठी चालणाऱ्या पदार्थांची यादी कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. तिच्यात मूर्वा, ताग वगैरे वनस्पतींच्या पंक्तीला स्नायू, म्हणजे जनावराची कंडराही बसवली आहे. पुढे मोगली धाटणीच्या कमानींत आतून शिंग, मध्ये लाकूड आणि पाठीवर कंडरांचे तंतू सरसाने चिकटवलेले असत. मांसाला हाडाशी बांधणाऱ्या या कंडरा वाळवून, कुटून त्यांचे तंतू सोडवावे लागत. कमान वाकवली की शिंग दाब घेई आणि कंडरा ताण. बंदुकीने ती विद्या मागे टाकली. पिंजाऱ्याची कमान मात्र चालू राहिली. महाराष्ट्रातली पिंजारी, नदाफ, मन्सूरी ही आडनावे त्याच धंद्याची.

पुण्यातल्या तातीची सर्वांत नामांकित आठवण वाड्यातली नाही, तुरुंगातली आहे. १९३० साली गांधीजी येरवड्यात होते आणि सोबतीला काका कालेलकर. साताऱ्यात जन्मलेले, फर्ग्युसनमध्ये शिकलेले काका गुजरातीचे मोठे लेखक झाले. तुरुंगात कापूस पिंजला जाई. तातीवर चोळायला चार-पाच कडुनिंबाची पाने लागत. काका अख्खी डहाळीच तोडून आणत. ही हिंसा आहे, असे बापूंनी त्यांना सुनावले. हवी तेवढीच पाने, तीही झाडाची माफी मागून घ्यावीत. काकांनी हे लिहून ठेवले आहे. पाने ज्या तातीवर चोळायची, ती मेलेल्या जनावराचीच! पण पिंजायला जिच्यावाचून पर्याय नाही ती तात आणि विनाकारण मोडलेली डहाळी यांत गांधीजी फरक करत असावेत, असे मानायला जागा आहे.

तीच वस्तू पुण्याच्या नाट्यगृहांतही वाजत होती. सारंगीच्या तीन मुख्य तारा तातीच्या, खालच्या तरफा धातूच्या. गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवांच्या तबल्याबरोबर कादरबक्ष यांची सारंगी असे. बालगंधर्वांच्या गळ्यामागे घासल्या जाणाऱ्या त्या तारा पिंजाऱ्याच्या तातीच्या सख्ख्या बहिणी. दोघींचा शत्रूही एकच, पावसाळा. हवेतला ओलावा पिऊन तातीचा ताण बदलतो; पिंजाऱ्याचा टणत्कार बिघडतो आणि सारंगियाचा सूर हलतो. रंगभूमीवर सारंगीची जागा बाजाच्या पेटीने बळकावली, त्याला इतरही कारणे होती. पण मैफलीच्या मधोमध जुळवून घ्यावे लागणाऱ्या वाद्यापुढे पेटीची सोय कोणाला नको होती?

पिंजण गेली यंत्रामुळे. दारात आलेले पिंजायचे यंत्र तासाभरात गादी मोकळी करते आणि फोमच्या गादीला पिंजावेच लागत नाही. सारंगीचे तसे झाले नाही. गजाखाली नखांच्या मुळाशी तार दाबून सूर घसरवताना माणसाच्या गळ्यासारखा जो खरखरीत गोडवा येतो, तो इतर तारांत तसा उतरत नाही. म्हणून सारंगिये आजही वळलेली तातच लावतात.