अ‍ॅक्रिंग्टन पॅल्स : एका गिरणगावाची पलटण

पहिल्या महायुद्धाच्या आरंभी, सप्टेंबर १९१४ मध्ये, इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील अ‍ॅक्रिंग्टन या शहराने अवघ्या दहा दिवसांत स्वयंसेवकांची पायदळ पलटण उभी केली. ‘अ‍ॅक्रिंग्टन पॅल्स’, म्हणजेच अ‍ॅक्रिंग्टनचे सवंगडी, या नावाने ती इतिहासात ओळखली जाते. सैन्याच्या दफ्तरी मात्र तिचे नाव ईस्ट लँकेशायर रेजिमेंटची ११ वी पलटण असे होते. शेजारपाजारच्या ओळखीमुळे ही पलटण इतक्या वेगाने उभी राहिली आणि त्याच कारणाने तिची हानीही एकाच परिसराला सोसावी लागली.

पार्श्वभूमी

ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटनचे युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांनी एक लाख स्वयंसेवकांना सैन्यात दाखल होण्याचे आवाहन केले. त्या वेळी ब्रिटनमध्ये सक्तीची लष्करभरती नव्हती. एकत्र भरती होणाऱ्या मित्रांना एकाच पलटणीत ठेवले जाईल, असे आश्वासन दिल्यास तरुण अधिक संख्येने पुढे येतील, ही कल्पना लिव्हरपूलमध्ये लॉर्ड डर्बी यांनी यशस्वी करून दाखवली. त्यानंतर उत्तर इंग्लंडमधील अनेक शहरांनी तिचे अनुकरण केले.

सुमारे ४५ हजार लोकवस्तीचे अ‍ॅक्रिंग्टन हे अशी पलटण उभारणाऱ्या सर्वांत लहान शहरांपैकी एक होते. कापडगिरण्या आणि सूतकताईची यंत्रे बनवणारे कारखाने यांवर शहराचा निर्वाह चाले. लँकेशायरच्या कापडाची सर्वांत मोठी परदेशी बाजारपेठ भारत होती. युद्धामुळे हा व्यापार विस्कळीत झाला आणि अनेक कामगार बेकार झाले. त्यामुळे देशप्रेमाबरोबरच नियमित वेतनाची गरज हेही भरतीमागील एक कारण होते.

उभारणी आणि प्रशिक्षण

शहराचे महापौर जॉन हारवुड यांनी पुढाकार घेतल्यानंतर १४ सप्टेंबर १९१४ रोजी भरती सुरू झाली. एकट्या शहराला पूर्ण पलटण पुरवणे कठीण असल्याने आसपासच्या गावांनाही तीत सामावून घेण्यात आले. चार कंपन्यांपैकी एक अ‍ॅक्रिंग्टनची, दुसरी परिसरातील गावांची, तिसरी चोर्ली येथील आणि चौथी बर्नली येथील तरुणांची होती. सख्खे भाऊ, एकाच गिरणीतील कामगार आणि एकाच गल्लीत वाढलेले मित्र एका रांगेत उभे राहिले.

लेफ्टनंट कर्नल आर्थर रिकमन यांच्या नेतृत्वाखाली पलटणीचे प्रशिक्षण १९१५ मध्ये वेल्स आणि इंग्लंडमधील विविध छावण्यांत झाले. डिसेंबर १९१५ मध्ये सुएझ कालव्याच्या संरक्षणासाठी तिला इजिप्तला पाठवण्यात आले. तेथून मार्च १९१६ मध्ये ती फ्रान्समध्ये दाखल झाली.

सेर येथील हल्ला

१ जुलै १९१६ रोजी सॉमच्या लढाईला प्रारंभ झाला. शत्रूच्या ताब्यातील सेर हे टेकडीवरील खेडे जिंकण्याची कामगिरी ज्या तुकड्यांवर सोपवण्यात आली, त्यांत अ‍ॅक्रिंग्टनची पलटण होती. त्यापूर्वी आठवडाभर चाललेल्या तोफांच्या भडिमारात जर्मन खंदक आणि काटेरी तारांची कुंपणे नष्ट होतील, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी तारा शाबूत राहिल्या आणि खोल भुयारांत आश्रय घेतलेले जर्मन सैनिक भडिमार थांबताच मशीनगनसह वर आले.

सकाळी साडेसात वाजता सैनिक चढावरून पुढे सरकू लागले. हल्ल्यात उतरलेल्या सुमारे ७२० जणांपैकी ५८४ जण अर्ध्या तासाच्या आत ठार, जखमी अथवा बेपत्ता झाले. मृतांची संख्या सुमारे २३५ होती. काही सैनिक जर्मन खंदकांपर्यंत पोहोचले, परंतु त्यांना मदत मिळू शकली नाही. कर्नल रिकमन हेही त्या दिवशी जखमी झाले.

शहरातील पडसाद

प्रारंभीच्या वृत्तांत विजयाचाच सूर होता. खरी स्थिती जखमी सैनिकांच्या पत्रांतून हळूहळू उघड झाली. अधिकृत माहिती मिळत नसल्याने अस्वस्थ नागरिकांनी महापौरांच्या घराला गराडा घातला, असे सांगितले जाते. त्यानंतर स्थानिक वृत्तपत्रांत मृतांच्या याद्या प्रसिद्ध होत राहिल्या. शेजारच्या घरांवर एकाच वेळी शोककळा पसरली.

नंतरचा काळ

जानेवारी १९१६ मध्येच ब्रिटनमध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा संमत झाला होता. पलटणीतील रिक्त जागा आता इतर भागांतून आलेल्या सैनिकांनी भरल्या आणि तिचे मूळ स्थानिक स्वरूप ओसरले. तरीही १९१७ मध्ये ओपी येथे आणि १९१८ मधील जर्मन आक्रमणाच्या वेळी ती आघाडीवर होती. सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, जन्मलेले आणि या पलटणीतून लढणारे सेकंड लेफ्टनंट बॅसिल हॉर्सफॉल यांना २७ मार्च १९१८ रोजी गाजवलेल्या शौर्याबद्दल मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. १९१९ मध्ये पलटण विसर्जित करण्यात आली.

ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धात मित्रांच्या अशा स्थानिक पलटणी पुन्हा उभारल्या नाहीत. सेरजवळ ज्या खंदकांतून हल्ला सुरू झाला, तेथे १९९१ मध्ये पलटणीचे स्मारक उभारण्यात आले. एका पडक्या भिंतीच्या स्वरूपातील या स्मारकासाठी अ‍ॅक्रिंग्टनमध्ये भाजलेल्या लाल विटा वापरण्यात आल्या आहेत.