रंगाची साक्ष

सोलापूर हें सुताचें आणि रंगाचें शहर. 1877 सालीं येथें उभी राहिलेली जुनी गिरणी इतिहासजमा झाली, तरी सोलापुरी चादरीचें नांव दूरवर टिकून आहे. सूत रंगविण्याच्या धंद्यांत पाण्याची पारख आधीं, रंगाची मागाहून. मंजिष्ठेचा लाल रंग लोहमिश्रित पाण्यांत काळवंडतो, हें रसायनशास्त्राचें एकही पुस्तक न वाचलेल्या जुन्या रंगाऱ्यांस ठाऊक असे. पाण्यांत दडलेला धातु रंगांतून चाहूल देतो, ही कल्पना आजची नव्हे.

शिसें मात्र अशी चाहूल देत नाहीं. जुन्या नळांतून वा कारखान्यांच्या सांडपाण्यांतून तें पाण्यांत उतरलें, तरी पाणी निर्मळच दिसतें. आणि त्याचा घाला प्रथम पडतो तो लहान मुलांच्या मेंदूवर. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या एका लिटर पाण्यांत शिसें 0.01 मिलिग्रॅमहून अधिक असूं नये. एवढें सूक्ष्म प्रमाण डोळ्यांस दिसावें कसें?

या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला धागा 1857 सालीं लंडनमध्यें सांपडतो. इकडे उठावाचा वणवा पेटला व मुंबई विद्यापीठाचा जन्म झाला, त्याच वर्षीं मायकेल फॅरडे यांनीं सोन्याच्या क्षाराच्या द्रावणावर फॉस्फरसाची क्रिया करून मिळविलेल्या माणकासारख्या लाल द्रवाचें वर्णन विद्वानांपुढें मांडलें. त्यांत सोन्याचे अतिसूक्ष्म कण तरंगत होते. मीठ घालतांच तो द्रव निळा झाला. या प्रकाशलीलेचें गणित गुस्ताव मी या जर्मन शास्त्रज्ञांनीं 1908 सालीं मांडलें. सुटे कण हिरवा प्रकाश शोषून घेतात, म्हणून द्रव लाल दिसतो. कण एकत्र जमले कीं ते नारिंगी-तांबडा प्रकाश शोषूं लागतात, आणि द्रव निळा दिसतो.

हा गुण धातूंच्या शोधास लावण्यास जवळजवळ दीड शतक लागलें. शिसें, पारा व कॅडमियम यांचे आयन आवरण चढविलेल्या सुवर्णकणांस एकमेकांशीं बांधतात व रंग पालटतो, हें 2001 सालीं अमेरिकेंतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांत दाखविण्यांत आलें. त्याच वर्षीं पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत मुरली शास्त्री यांच्या गटानें बुरशीकरवीं सुवर्णकण घडविल्याचें प्रसिद्ध झालें.

परंतु साक्षीदार बोलका असला म्हणजे सत्यवादी असतोच असें नाहीं. फॅरडे यांचा लाल द्रव साध्या मिठानेंही निळा झाला होता. तेव्हां क्षारयुक्त विहिरीच्या पाण्यांत असे कण शिशावांचूनही निळे पडूं शकतात. या साक्षीची उलटतपासणी 2003 सालीं इलिनॉय विद्यापीठांत झाली. तेथें ज्युवेन लिउ व यी लू यांनीं डीएनएच्या धाग्यांनीं सुवर्णकण गुंफले. शिसें आढळल्यास तो धागा तुटतो, कणांचा पुंजका जमत नाहीं, आणि निळ्याऐवजीं लाल रंग दिसतो.

आमच्या मतें रंग ही पहिली साक्ष आहे, अंतिम निकाल नव्हे. पाण्याविषयीं वेळेवर संशय उत्पन्न करण्यास ती उपयोगी. मात्र विहीर बंद करावी कीं चालूं ठेवावी, हें प्रयोगशाळेंतील मापनानेंच ठरवावें. ज्या गांवापासून प्रयोगशाळा दूर आहे, तेथें हा वेळेवरचा संशयच पुष्कळ मुलांचें रक्षण करील.