स्वीडिश लोक (महाराष्ट्र व सीमाभाग)

नोकरी-व्यवसायासाठी या भागात येऊन राहिलेले स्वीडनचे नागरिक. त्यांची अशी वेगळी वसाहत झाली नाही. कारखाने निघाले आणि त्यांच्यामागून माणसे आली. १९२२ मध्ये सरकारने आयात आगपेट्यांवरची जकात वाढवली, तेव्हा स्वीडिश मॅच कंपनीने १९२३ मध्ये ‘विमको’ ही कंपनीच इथे काढली. तिच्या अंबरनाथच्या काडेपेट्या घरोघरी गेल्या. धनी स्वीडिश आहे, हे गिऱ्हाइकाच्या गावीही नसे.

पुढचा ओघ पुण्याकडे. सँडविक व ॲटलास कॉप्को दापोडीला, एसकेएफ चिंचवडला. ॲटलास कॉप्कोच्या पत्त्यात तर ‘स्वेआनगर’ असे स्वीडनचे नावच आले. १९६० नंतर आलेल्या अभियंत्यांना डावीकडून चालणारी वाहतूक नवखी नव्हती, कारण स्वीडनमध्येही ३ सप्टेंबर १९६७ पर्यंत वाहने डावीकडूनच धावत. सवय मोडावी लागली ती त्यानंतर मायदेशी परतणाऱ्यांना! हुद्द्याचा मान मात्र चटकन अंगवळणी पडण्यातला नव्हे. तिकडे आता वरिष्ठालाही नुसत्या नावाने हाक मारतात, इकडे उठताबसता ‘साहेब’. जूनअखेरीचा मिडसोमर, म्हणजे उघड्यावर खांबाभोवती फेर धरण्याचा सण, नेमका मृग-आर्द्राच्या पावसात सापडतो.

निपाणी-बेळगाव पट्ट्यात स्वीडनची ओळख माणसांपेक्षा गाड्यांतून अधिक. बेळगावच्या विणकरवस्तीत, वडगावातही, ‘रात्रीची व्होल्वो’ म्हटले की आरामगाडी समजतात. व्होल्वोचा ट्रक-कारखाना याच पट्ट्यातून जाणाऱ्या पुणे-बेंगळुरू महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला, बेंगळुरूजवळ होसकोटे येथे १९९८ मध्ये सुरू झाला.