अडतीस वर्षांनंतरचा अल्बम आणि फील्डवर्कचं श्रेय

आज पेपर बाजूला ठेवून एका अल्बमबद्दल लिहितेय. इंग्लंडच्या लोकगीत-गायिका शर्ली कॉलिन्स यांचा ‘लोडस्टार’ नोव्हेंबर २०१६ मध्ये आला, तेव्हा त्या ८१ वर्षांच्या होत्या. त्याआधीचा अल्बम १९७८ चा. म्हणजे मध्ये ३८ वर्षांची गॅप. आपल्या सीव्हीत एका वर्षाची गॅप असली तरी मुलाखतीला जाताना पोटात गोळा येतो!

थोडी पार्श्वभूमी सांगते. त्यांचा १९७१ चा ‘नो रोझेस’ ऐका. गाणी जुनी, परंपरेने आलेली, पण साथीला इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम्स. इंग्लिश फोक-रॉकच्या इतिहासात हा अल्बम वगळून चालत नाही. पुढे त्याच दशकाच्या शेवटी, लग्न मोडत असताना, स्टेजवर त्यांच्या गळ्यातून आवाजच निघेनासा झाला. या त्रासाला डिस्फोनिया म्हणतात. हळूहळू गाणं सुटलं. पोटासाठी मिळतील त्या नोकऱ्या केल्या, ब्रिटिश म्युझियमच्या दुकानातसुद्धा.

पण मला तुम्हाला सांगायचंय ते याच्याही आधीचं. १९५९ मध्ये, २४ वर्षांच्या असताना, त्या संग्राहक ॲलन लोमॅक्स यांच्याबरोबर अमेरिकेच्या दक्षिण भागात लोकगीतं रेकॉर्ड करायला गेल्या होत्या. मिसिसिपीतल्या कोमो गावात दिवसभर कापूस वेचून एक शेतकरी संध्याकाळी गिटार घेऊन आला. ते फ्रेड मॅकडॉवेल. त्यांचं पहिलं रेकॉर्डिंग या दौऱ्यात झालं आणि पुढे ब्लूजच्या जगात त्यांचं मोठं नाव झालं. शर्ली या दौऱ्यात नोंदी ठेवत होत्या, रेकॉर्डिंगला मदत करत होत्या, गाणाऱ्यांशी बोलत होत्या. आपल्या भाषेत सांगायचं तर फील्ड असिस्टंट, आणि त्याहून बरंच काही.

१९९३ मध्ये लोमॅक्स यांचं पुस्तक आलं. त्यात शर्लींचं हे सगळं काम एका ओझरत्या उल्लेखात उरकलंय, जणू बाई नुसत्या फिरायला सोबत आल्या होत्या. हे त्यांना लागलं. मग त्यांनी ‘अमेरिका ओव्हर द वॉटर’ हे पुस्तक लिहून त्या प्रवासाची आपली बाजू मांडली. तिथे कामी आली ती तेव्हा घरी पाठवलेली पत्रं. पत्र लिहिताना, हे पुढे पुरावा म्हणून वापरायचंय, असं थोडंच कुणाच्या मनात असतं?

एमएस्सीला असताना मी तीन महिने विहिरींच्या पाण्याचे नमुने गोळा केले होते. पेपर आला तेव्हा माझं नाव आभारात, तेही चुकीच्या स्पेलिंगने. कोण, कुठे ते सोडा. तारखांसकट माझी फील्ड-वही मात्र अजून माझ्याकडे आहे. तुम्हीही तुमची वही कुणाला देऊन टाकू नका. द्यायचीच वेळ आली तर आधी फोटो काढून ठेवा.

आता परत ‘लोडस्टार’कडे. स्टुडिओत अनोळखी लोकांसमोर गायचा संकोच होता, म्हणून तो लुइस गावी त्यांच्या घरीच रेकॉर्ड झाला. आवाज आता खर्जात उतरलाय, जाडसर झालाय, आणि तो लपवायचा खटाटोप कुणी केलेला नाही. उतारवयातला चिंतनशील अल्बम म्हटलं की कलाकार स्वतःच्या आठवणी गाण्यात लिहितो असं आपण धरून चालतो. इथे तसं नाही. गाणी बहुतेक परंपरेतलीच. आयुष्यभराच्या साठ्यातून नेमकी कुठली उचलली, यात त्यांचं मागे वळून पाहणं आहे. म्हणून मी हा अल्बम एखाद्या साधनासारखा वाचते.

यातलं ‘प्रिटी पॉली’ बघा. हे गाणं त्यांना १९५९ च्याच दौऱ्यात आर्कान्सामधल्या ऑली गिल्बर्ट नावाच्या बाईंकडून मिळालं. ५७ वर्षांनी ते रेकॉर्ड करताना शर्ली या बाईंचं नाव आवर्जून घेतात.

लोमॅक्स यांची १९५९ ची रेकॉर्डिंग्ज इंटरनेटवर फुकट ऐकता येतात. आधी ती ऐका, मग ‘लोडस्टार’ लावा. हेडफोन असतील तर उत्तम.